तळं खाजगी आहे, पण सांडवा कुणाचा?

मा. संपादक,

नमस्कार. तुमच्या पेपरात रोज तो एक चौकोन येतो ना, खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर, आजचा साठा एवढा, टक्के एवढे, गेल्या वर्षी याच दिवशी एवढे, तो मी गेली तीस वर्षं चहाच्या आधी बघतो. बायको म्हणते लोक राशीभविष्य बघतात तसं तुम्ही धरण बघता. चारही मिळून २९ टीएमसीच्या (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट) आसपास पाणी आणि सगळ्या पुण्याचा जीव त्यात अडकलेला, त्यामुळे छापता ते बरोबरच आहे. पण आज लिहितोय ते त्या चौकोनात कधीच न येणाऱ्या पाण्याबद्दल. पत्र लांबणार आहे, आधीच सांगतो, कापायचं तर कापा पण सांडव्याचा भाग कापू नका.

आमचं गाव पुरंदर तालुक्यात, सासवडच्या पुढे. नाव लिहित नाही कारण उद्या भांडण माझ्याच दारात यायचं. तिथे माझ्या आजोबांनी स्वतःच्या रानात, स्वतःच्या पैशानं, ओढ्यावर मातीचा बांध घालून तळं केलं. कागदोपत्री बोलायचं तर छोटं मातीचं धरण, पण गावात कुणी धरण म्हटलं तर लोक हसतील, सगळे तळंच म्हणतात. उंची वीस फूट, लांबी साडेचारशे फूट, माथा आठ फूट रुंद आणि पायथा जवळपास शंभर फूट. भरलं की तीन एकरावर पाणी पसरतं. मी डिप्लोमा सिव्हिल, आयुष्य बिल्डिंगच्या साईटवर गेलं, तरी हिशोब करायची खोड जात नाही म्हणून सांगतो, तळं भरलं की चोवीस हजार घनमीटर म्हणजे दोन कोटी चाळीस लाख लिटर. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर चोवीसशे टँकर. टीएमसीच्या भाषेत हे काहीच नाही, अशी साधारण बाराशे तळी एकत्र केली तर कुठे एक टीएमसी होईल. पण आमच्या ओढ्याच्या खालच्या अकरा विहिरींना टीएमसी कळत नाही, त्यांना फेब्रुवारीत पाणी असतं की नसतं एवढंच कळतं.

७२ च्या दुष्काळात आजोबा दुष्काळी कामावर खडी फोडायला होते, सुकडी आणि त्या लाल मिलोची, म्हणजे परदेशी ज्वारीची, भाकरी खाल्लेली पिढी. दुष्काळ सरला आणि पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी दोन बैल आणि आजीचे दागिने विकून हे काम काढलं. आजी त्यावरून शेवटपर्यंत बोलत होती. माती गाढवांवरून आली. मधला गाभा काळ्या चिकण मातीचा, त्याला हार्टिंग म्हणतात, आणि दोन्ही बाजूंनी मुरमाचं केसिंग. गाभा खाली खडकापर्यंत चर खणून नेलेला, म्हणजे पाण्यानं भरावाखालून वाट काढू नये. रोलर कुठला परवडतोय, तर वीतभर थर टाकायचा, पाणी मारायचं आणि त्यावरून धनगराची मेंढरं फिरवायची, दिवसभर. लहानपणी मला ही थापच वाटायची. पुढे कॉलेजात शीपफूट रोलर शिकवला तेव्हा कळलं की मशीनचं नावच मेंढीच्या पायावरून आलंय.

त्याच सुमाराला आमच्याच तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे आले होते, पुण्याचे इंजिनियर, कारखानदार माणूस, आणि देवस्थानची चाळीस एकर माळरान जमीन कराराने घेऊन त्यांनी तिथे बांधबंदिस्ती आणि पाझर तलाव करून दाखवले. त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. पाणी जमिनीच्या एकरावर नाही तर घरातल्या माणसांवर वाटायचं, माणशी अर्धा एकर आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, भूमिहीनालाही वाटा, आणि ऊस लावायचा नाही. आमचे अण्णा, म्हणजे वडील, तिथे सभांना सायकलवर जायचे. आमचं तळं काही पाणी पंचायतीचं नव्हतं, सातबारा आमचाच, पण अण्णा तिथनं दोन गोष्टी घेऊन आले. एक, तळ्यावर ऊस नाही. चुलते आठ वर्षं त्यावरून बोलत नव्हते त्यांच्याशी. आणि दुसरी, खालच्या ज्या विहिरींना पाझर लागतो त्या विहिरीवाल्यानं मे महिन्यात एक दिवस अंगमेहनत द्यायची. पैसे नाही, अंगमेहनत. मग विहीर पाटलाची असो नाहीतर कुणाची.

त्या एका दिवसात काय व्हायचं ते मला नीट लिहू द्या, कारण आता ते करणारी माणसं संपत आली आणि यूट्यूबवर हे कुणी सांगत नाही.

सगळ्यात आधी भरावावरची झाडं. हरळी राहू द्यायची, कुंदा राहू द्यायचा, त्याच्या मुळ्या माती धरून ठेवतात. पण बाभूळ, रुई, घाणेरी हातभर व्हायच्या आत मुळासकट उपटायची. मोठं झालेलं झाड तोडलं की काम झालं असं लोकांना वाटतं, पण मूळ आत कुजतं आणि त्या जागी पाण्याला नळी तयार मिळते. मग घुशी-उंदरांची बिळं शोधायची, उकरायची आणि काळी माती ओली करून ठोकून भरायची. वरवर दगड कोंबून चालत नाही. पाण्याच्या बाजूची पिचिंग म्हणजे दगडी फरसबंदी बघायची, लाटेनं एखादा दगड निसटला असेल तर परत बसवायचा. माथ्यावर कुठे खचल्यासारखं, बशीसारखं झालंय का ते बघायचं, कारण पाणी चढलं तर पहिलं तिथूनच ओलांडणार.

आणि गळती. मातीचा बांध थोडा पाझरतोच, न पाझरणारा बांध अजून कुणी बांधला नाही. अण्णांनी खालच्या बाजूला पायथ्याशी एक फुटका पाईप लावून पाझर एका जागी आणला होता आणि दर रविवारी पाच लिटरचा तेलाचा डबा भरायला किती सेकंद लागतात ते घड्याळावर बघून डायरीत लिहायचे, शेजारी तळ्याची पातळी. पातळी तेवढीच आणि डबा लवकर भरायला लागला की समजायचं आत काहीतरी चाललंय. एक काचेचा ग्लासही असायचा, त्यात पाणी घेऊन उन्हात धरायचे. मला म्हणायचे, नितळ आहे तोवर झोप, गढूळ आलं की उठ. गढूळ म्हणजे पाणी एकटं येत नाही, भरावाची माती घेऊन येतंय, आतून पोखरतंय. इंजिनियर लोक याला पायपिंग म्हणतात आणि त्याच्यावर मोठमोठे पेपर लिहितात, अण्णा चौथी पास होते.

तळ्यातलं पाणी खाली सोडायच्या व्हॉल्व्हचंही तसंच. दिवाळीनंतर हळूहळू पाळी सोडायचे, अंजिराच्या बागांना, ज्वारीला. तळं मेपर्यंत भरलेलं ठेवायचं नाही हा त्यांचा नियम, आणि तो कंजूषपणाच्या उलटा वाटतो पण बरोबर होता. आपल्याकडे उन्हाळ्यात उघड्या पाण्यातून दिवसाला पाच-सात मिलिमीटर वाफ होऊन जाते, तीन एकराच्या तळ्यातून म्हणजे रोज सहा ते आठ टँकर नुसते हवेत. जे पाणी उडून जाणारच आहे ते आधी जमिनीत आणि मुळाशी घाला असं त्यांचं म्हणणं. आपला खडक बेसॉल्ट, त्यात पाणी मुरतं ते वरच्या झिजलेल्या, ठिसूळ खडकात, ज्याला मांजऱ्या म्हणतात, आणि भेगांत, सावकाश मुरतं, म्हणून ते कुठेतरी अडवून थोपवावं लागतं. आणि सोडतानाही घाई नाही, एका दिवसात तळं खाली केलं तर ओला भराव आतल्या बाजूनं घसरतो.

हे सगळं झालं. पण अण्णांचा खरा जीव सांडव्यात होता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, सांडवा म्हणजे बांधाच्या एका टोकाला कडक मुरमात कोरलेली मोकळी वाट, तळं भरलं की जास्तीचं पाणी तिथून ओढ्यात निघून जातं. दगडी धरणावरून पाणी वाहिलं तर ते बऱ्याचदा टिकतं, मातीच्या बांधावरून वाहिलं तर तो जातो. एक चिरी पडते, चिरीची घळ होते आणि अर्ध्या-पाऊण तासात सगळं खाली. जगात मातीची धरणं फुटायचं सगळ्यात मोठं कारण हेच. आमचा सांडवा तीस फूट रुंद आणि बांधाच्या माथ्यापेक्षा चार फूट खाली. लोक म्हणायचे, अण्णा एवढी जागा वाया घालवली, दोन गुंठे निघाले असते.

आता हिशोब बघा. आमच्या तळ्यावर वरून एक चौरस किलोमीटरचं पाणी येतं. त्यावर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर एक लाख घनमीटर पाणी पडलं. त्यातलं निम्मं जरी वाहून आलं तरी पन्नास हजार, म्हणजे तळ्याच्या दुप्पट. आणि तळं सप्टेंबरमध्ये आधीच भरलेलं असतं! म्हणजे ते सगळंच्या सगळं सांडव्यावरून जाणार. दोन तासात आलं तर सेकंदाला सात घनमीटर. तीस फुटी सांडव्यावरून ते साधारण दोन फूट चढून निघून जातं, वर दोन फूट शिल्लक राहतात, गाव झोपलेलं राहतं.

हे कागदावर नाही, २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री मी डोळ्यांनी बघितलंय. ती रात्र पुण्याला आंबिल ओढ्यामुळे आठवते, कात्रज, सहकारनगर, अरण्येश्वर, भिंती पडल्या, गाड्या वाहिल्या, माणसं गेली. तोच पाऊस घाटाच्या अलीकडे आमच्याकडेही होता, कऱ्हा नदीला पूर आला होता. मी पितृपक्षासाठी गावी होतो. अण्णा पंच्याऐंशीचे, हातात बॅटरी आणि डोक्यावर पोतं, दर पंधरा मिनिटांनी सांडव्यात रोवलेल्या दगडावरच्या खुणा बघत होते. दोन फुटाच्या खुणेला पाणी लागलं, वर चार बोटं गेलं आणि पहाटे तीनला उतरायला लागलं. मग म्हणाले, चल चहा टाक. ते पुढच्या वर्षी गेले.

आता तक्रार. २०२१ साली चुलतभावांनी त्यांचा वाटा विकला आणि तळ्याचा बांध, सांडवा, सगळं त्यांच्या गटात. विकण्याला माझा आक्षेप नाही, त्यांच्या मुलींची लग्नं होती, शेतीत काय मिळतं ते मला माहीत आहे. घेणारा प्लॉटिंगवाला, पुण्यातलाच. बोर्ड लागला, लेक टच वीकेंड होम्स. आता लेक टच म्हटल्यावर लेक बारा महिने भरलेला दिसला पाहिजे, नाहीतर गिऱ्हाईक पैसे कशाचे देणार. म्हणून पहिलं काम काय केलं तर सांडव्यावर दीड फुटाची ब्लॉकची भिंत घातली. दुसरं, पलीकडच्या प्लॉटला रस्ता पाहिजे म्हणून त्याच सांडव्यावर भराव टाकून रस्ता नेला आणि पाणी जायला खाली दोन ह्यूम पाईप, तीन तीन फुटी. तिसरं, व्हॉल्व्हच्या चाकाला वेल्डिंग. आणि भरावावर लॉन आणि ओळीनं बांबू आणि गुलमोहर. पिचिंगचे दगड गेटच्या कमानीला लागलेत, कमान छान झाली आहे, खोटं कशाला बोलू.

तीस फूट रुंद आणि दोन फूट खोल म्हणजे साठ चौरस फुटांची वाट होती. दोन तीन-फुटी पाईप म्हणजे चौदा. त्यात एक बाभळीची फांदी आणि चार पाण्याच्या बाटल्या अडकल्या की सात. आणि वर चार फूट मोकळे होते तिथे आता अडीच. एवढं साधं गणित आहे, आठवीचं पोरगं करेल.

मी त्या माणसाला जाऊन भेटलो. तो काही राक्षस नाही बरं का, अतिशय सभ्य, बिस्किटं-चहा दिला, काका काका म्हणाला. म्हणाला, काका आम्ही उलट पाणी वाढवलंय, दीड फूट जास्त साठतंय, हे वॉटर कन्झर्वेशनच झालं ना. मला दोन मिनिटं काय बोलावं सुचेना, कारण तो खरंच तसं समजत होता. मातीच्या धरणात पाणी किती साठतं यापेक्षा पाणी कुठून निघून जातं हे आधी बघायचं असतं, हे कुणी त्याला सांगितलंच नाही. त्याच्या आर्किटेक्टनंही नाही. त्याला ते तळं म्हणजे स्विमिंग पूलचा मोठा भाऊ वाटतो.

गेल्या पावसाळ्यात एका रात्री पाणी माथ्यापासून वीतभर खाली आलं. वॉचमननं मालकाला फोन लावले, लागले नाहीत. शेवटी गावातल्या पोरांनी जेसीबी आणून पाईपवरचा रस्ता फोडला आणि वाट मोकळी केली. खालच्या वस्तीत सोळा घरं आहेत. सकाळी त्या पोरांवरच मालमत्तेचं नुकसान केल्याची तक्रार. रस्ता आता पुन्हा तसाच बांधलाय, पाईप तेच.

मग मी फाईल घेऊन फिरलो. ऑफिसांची नावं घेत नाही, माणसं बदलत असतात आणि सगळीकडे उत्तर एकच मिळालं, तळं खाजगी आहे, आमच्या यादीत नाही. आपल्याकडे वाटणी अशी आहे की शंभर हेक्टरपर्यंत सिंचन असेल तर झेडपी, सहाशेपर्यंत जलसंधारण, त्याच्या वर जलसंपदा. पण ही सगळी सरकारनं बांधलेल्या कामांची वाटणी. आजोबांनी गाढवं लावून बांधलेलं काम यातल्या कुठल्याच कपाटात नाही. २०२१ ला केंद्रानं धरण सुरक्षा कायदा केला, चांगला आहे, खाजगी मालकालाही जबाबदार धरतो, पण तो लागू होतो पंधरा मीटरपेक्षा उंच धरणांना आणि दहा ते पंधरा मीटरमधल्या काही मोठ्या धरणांना. आमचं सहा मीटर. एका साहेबांनी मला अगदी गंभीरपणे विचारलं, उंची थोडी वाढवता येईल का, म्हणजे बसेल.

सहा मीटर म्हणजे खेळणं नाही हो. चोवीसशे टँकर एकदम ओतलेत असं समजा, रात्री, उतारावर, खाली सोळा घरं.

पुण्याच्या माणसाला मातीचं धरण काय करू शकतं हे मी सांगायला नको. १२ जुलै १९६१. पानशेत मातीचंच होतं, काम पूर्ण व्हायच्या आत पाणी अडवलं गेलं, आदल्या रात्री लष्कराच्या जवानांनी वाळूची पोती रचून त्याला काही तास टिकवलं म्हणून निदान उजाडल्यावर फुटलं, आणि त्याच्या लोंढ्यानं खालचं दगडी खडकवासलाही फुटलं. माझी आई तेव्हा नारायण पेठेत होती, तिच्या माहेरच्या घरात पाणी किती चढलं ती रेघ तिनं कधी रंगवू दिली नाही. आणि अलीकडचं म्हणाल तर २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे, छोटंच मातीचं धरण, सरकारी, खालची भेंदवाडी वाहून गेली, वीसच्या वर माणसं. गळतीबद्दल गावकरी आधीपासून सांगत होते. नंतर एक मंत्री म्हणाले खेकड्यांनी फोडलं, महाराष्ट्र हसला. मी पण हसलो, पण खरं सांगू का, खेकडे आणि घुशी भराव पोखरतातच, त्यात चूक काही नाही, प्रश्न एवढाच होता की ती बिळं बुजवायचं काम कुणाचं. खेकड्याचं तर नव्हतं ना.

काही लोक म्हणतील मग खाजगी तळी नकोतच, सगळी सरकारनं ताब्यात घ्यावीत. मला ते पटत नाही. पूर्व विदर्भात, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडे मालगुजारी तलाव आहेत, हजारोंनी, कोहळी समाजानं बांधलेले, गावच्या मालगुजाराच्या, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदाराच्या, मालकीचे आणि देखभालीची गावात रीत ठरलेली. १९५० नंतर मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले, आणि तिथली जुनी माणसं सांगतात की त्यानंतर गाळ काढणं, पाळ म्हणजे बांध दुरुस्त करणं हे कुणाचंच राहिलं नाही. म्हणजे मालक सरकार झालं म्हणून सांडवा साफ होतो असं नाही. आणि खाजगी पैशातून लोकांचं पाणी ही गोष्ट पुण्याला नवी थोडीच आहे, रोज ज्या बंडगार्डनवरून जातो ते नावच बंधाऱ्यावरून पडलंय आणि तो बंधारा सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून झाला.

माझं म्हणणं एवढंच आहे की तळं खाजगी असू द्या, सांडवा खाजगी नाही. भिंत कुणाची ते सातबाऱ्यावर आहे, पाणी कुठून जाणार ते कुठेच लिहिलेलं नाही. प्लॉटिंगवाल्यानं सर्च रिपोर्ट काढला, टायटल क्लिअर, त्यात सांडवा हा शब्दच नाही, मग तो बिचारा दोन गुंठे मोकळी जागा बघून रस्ता करणारच. सातबाऱ्यावर इतर अधिकार म्हणून रकाना असतो, त्यात विहिरीचा हिस्सा लिहितात, वहिवाट लिहितात, तसं सांडव्याची रुंदी आणि पातळी लिहायला काय हरकत आहे? तलाठ्याला टेप आणि कोतवाल एवढंच लागेल. एकदा ते नोंदलं की पुढचे दहा मालक बदलले तरी खरेदीखतावर येत राहील, आणि एनए करतानाच तिथे रस्ता मागणाऱ्याला विचारता येईल की बाबा पाणी कुठून नेणार.

आणि यादी. पुरंदर, भोर, मुळशी, वेल्हे, हवेली, खेड, गूगल मॅप उघडून सॅटेलाईटवर बघा, कितीतरी अशी छोटी पाणी दिसतात, फार्महाऊसवाल्यांनी तर गेल्या पंधरा वर्षांत जेसीबी लावून नवीन बांध घातलेत, चिकण मातीचा गाभा नाही, थर दाबलेले नाहीत, डंपरनं मुरूम ओतला की झालं धरण. आमचं तळं निदान मेंढरांनी तुडवलेलं आहे! यांना कुणी मोजलंय का, तालुक्याला अशी किती आहेत, कुणाच्या खाली वस्ती आहे. सगळ्यांची तपासणी करा असं मी म्हणत नाही, तेवढी माणसं कुठून आणणार, पण ज्यांच्या खाली घरं आहेत तेवढ्यांचा सांडवा मेअखेरपर्यंत एकदा कुणीतरी जाऊन बघा.

मालकाची बाजूही बघायला हवी. आमच्या आजोबांना या तळ्याचं सरकारकडून एक रुपया मिळाला नाही आणि अकरा विहिरी त्यावर जगल्या. आता नवीन मालकानं व्हॉल्व्ह उघडावा, लॉन काढावं, पिचिंग परत करावं म्हणलं तर खर्च त्याचा आणि फायदा खालच्यांचा. त्यानं का करावं? तर मला वाटतं पहिल्यासारखंच, खालच्यांनी वर्षातला एक दिवस द्यावा. मी गावात विचारून आलोय, अकरातले नऊ तयार आहेत. दोघं म्हणाले आधी त्याला व्हॉल्व्हचं वेल्डिंग काढू दे, मग बघू. त्यांचंही बरोबर आहे, यंदा जानेवारीतच विहिरी तळाला गेल्या आणि वर तळं काठोकाठ, सेल्फी काढायला लोक येतात. टँकर त्या सेल्फीवाल्यांच्या गाडीमागून येतो.

परवा मी पुन्हा जाऊन आलो. बांबू चांगलाच फोफावलाय. पायथ्याशी अण्णांचा तो फुटका पाईप लॉनच्या मातीत गाडला गेलाय, मी काठीनं उकरून मोकळा केला आणि डबा लावला. डायरीतल्या याच पातळीच्या जुन्या नोंदी सगळ्या चाळीस-पंचेचाळीस सेकंदांच्या आहेत. एकोणतीस सेकंदात भरला. ग्लासात धरून बघितलं, मला नितळ वाटलं, पण माझ्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे, म्हणून वॉचमनला दाखवलं. तो म्हणाला, थोडं चहासारखं दिसतंय साहेब.

पाऊस यायला तीन आठवडे आहेत. तुमचा कुणी बातमीदार पाठवणार असाल तर लवकर पाठवा, सासवड स्टँडवर घ्यायला मी स्वतः येतो, जेवण आमच्याच घरी, फक्त सकाळी लवकर निघायला सांगा, दिवे घाटात ट्रॅफिक लागतं. अण्णांची डायरी, सांडव्याचे आधीचे आणि आत्ताचे फोटो, आणि तो पाच लिटरचा डबा, सगळं काढून ठेवलंय. पत्राखाली माझं नाव छापू नये ही विनंती, पाकिटात वेगळ्या कागदावर फोन नंबर दिला आहे.

आपला,
एक जुना वाचक, धायरी, पुणे